कोपरापासून बोटापर्यंत

वजनमापे निरीक्षक साहेबराव तुपे औरंगपुऱ्यातल्या दुकानाची पायरी चढले, तेव्हा वहाबभाई दोन्ही हात पसरून उभे होते. ते स्वागत नव्हतं. वहाबभाई दोर मोजत होते.

मुंबईच्या भंगारातून तोडलेल्या जहाजाचा दोर आला होता. भेंडोळ्याला पत्र्याची चकती होती आणि तिच्यावर ‘साठ फॅदम’ असं ठोकलेलं होतं. समुद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटर लांब. पण वहाबभाईंना फॅदम कुणाला विचारावा लागत नव्हता. फॅदम म्हणजे वाव, पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर. दर्यावरचा वाव म्हणजे इकडच्या विहिरीचा परस. परस म्हणजे चार हात. आणि हात म्हणजे वहाबभाईंच्या उजव्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्याच्यापुढे अपील नव्हतं.

वहाबभाई सव्वासहा फुटांचे होते. त्यामुळे मुंबईचे साठ फॅदम त्यांच्या हाताखाली दरवेळी चौपन्न भरायचे आणि मुंबईवाले लबाड असतात हे त्यांचं मत दरवेळी पक्कं व्हायचं.

“काय चाललंय हे?” साहेबरावांनी विचारलं.

“चौपन्न,” वहाबभाई म्हणाले आणि मग हात खाली केले. “या साहेब, बसा.”

फळीवर कन्नडच्या भामाबाई आधीच बसल्या होत्या. त्यांना विहिरीसाठी नऊ परस दोर हवा होता. त्या सरकल्या नाहीत, म्हणून साहेबराव उभेच राहिले.

“मीटरपट्टी कुठाय तुमची?”

पट्टी होती. चिकलठाण्याला कारखाने आले, पँटवाली गिऱ्हाइकं वाढली, तेव्हा वहाबभाईंनी ती घेतली होती. सध्या ती मागच्या खिडकीला अडसर म्हणून होती.

“फॅदम परदेशी, हात पुराणातला. दोन्ही कायद्यात नाहीत,” साहेबराव म्हणाले. “हातानं मोजून माल विकणं गुन्हा आहे, भाई. आज समज देतो. पुन्हा दिसलं तर दुकानाला सील.”

वहाबभाई गादीवर टेकले. दोर गल्लीतल्या चारही दुकानांत मिळत होता. कन्नड-फुलंब्रीची माणसं एवढ्या लांबून इथं यायची ती या हातासाठी. धाकटा भाऊ हबीब दुकानात दिसला की ‘भाई आल्यावर येतो’ म्हणून चहाला निघून जायची. हबीबचा हात आखूड होता. पट्टीला तर हातच नव्हता. आता कोण कशाला येईल?

“दोर तेवढाच राहतो हो,” साहेबराव समजुतीनं म्हणाले. “फक्त नाव बदलायचं. हाताऐवजी मीटर म्हणायचं. एवढं काय अवघड आहे?”

बाहेरून मोर्चा चालला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव होऊन सात वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मोर्चे चालले होते, बाजूचे आणि विरोधातले.

“साहेब,” वहाबभाई हळूच म्हणाले, “कोणत्या शहरात बोलताय?”

साहेबरावांनी कागदात डोकं घातलं.

“तुमच्या मिटरानं मागल्या साली दोर नेला आमच्या पोरानं,” भामाबाई म्हणाल्या. “दुसऱ्या दुकानातून. नऊ परस म्हनला तर त्या मानसानं पुस्तकात बघून साडेसोळा मिटर तोडून दिला. बादली पान्याच्या वर लोंबती. खाली पानी दिसतंय, वर आमी दिसतोय.”

“छत्तीस हात म्हणजे साडेसोळा मीटरच,” साहेबराव म्हणाले. “कोष्टकात हात पंचेचाळीस पूर्णांक बहात्तर सेंटिमीटरचा आहे.”

“कुनाचा हात?”

कोष्टकात ते दिलेलं नव्हतं.

“आमची हीर मुंजाबानं खांदली. लई लांबडा गडी, ह्या भाईवानी. परस त्याचा हाय. पुस्तकवाला आमच्या हिरीत कवा उतरला?”

साहेबरावांनी पिशवीतून स्वतःची शिक्क्याची पट्टी काढली. “हात करा, भाई.”

वहाबभाईंनी बाही सारली आणि डॉक्टरपुढे धरावा तसा हात धरला. श्वासही धरला.

“एक्कावन्न.” साहेबरावांनी समजपत्राच्या पाठीवर गुणाकार मांडला, दोनदा केला. “अठरा मीटर छत्तीस सेंटिमीटर. पट्टीनं मोजा. माप कायद्याचं, दोर यांच्या विहिरीचा.”

वहाबभाईंनी खिडकीचा अडसर काढला. दुसऱ्याच्या चपला घालून चालावं तसं ते पट्टीनं मोजत गेले. अठराव्या मीटरला थांबले, छत्तीस सेंटिमीटर शोधले, दोर तोडला. भामाबाईंनी पैसे दिले. पण दोर पिशवीत घातला नाही. तो त्यांनी परत वहाबभाईंच्या पुढ्यात टाकला.

“आता मोजून दाव, भाई.”

वहाबभाईंनी साहेबरावांकडे पाहिलं.

“विकताना हातानं मोजायचं नाही, एवढंच कायदा म्हणतो,” साहेबराव म्हणाले. “दोर विकून झालाय.” आणि ते पाठ फिरवून मोर्चा बघत उभे राहिले.

वहाबभाई मोजू लागले. भामाबाई मोठ्यानं आकडे म्हणू लागल्या. बाहेर घोषणा वाढल्या तसा त्यांनीही आवाज चढवला. साहेबराव वळले नाहीत. पण पाठीमागे बांधलेल्या हातांची त्यांची बोटं एकेक करून मिटत होती. तिसाच्या पुढे ती थांबली.

“चौतीस,” भामाबाई म्हणाल्या. “पस्तीस. छत्तीस.”

दोर वहाबभाईंच्या मधल्या बोटाच्या टोकाला संपला. तो पुढे उरला नाही की मागे राहिला नाही.

भामाबाईंनी दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. जाता जाता साहेबरावांपाशी थांबल्या.

“तुमची पट्टी खरी हाय, साहेब,” त्या म्हणाल्या. “लिवून घ्या तसं.”