उतरती रेघ

ऐका ना, धाकट्या बहिणीला शाळेच्या प्रदर्शनासाठी तापमानाचा ग्राफ हवा होता, म्हणून मी ऑफिसातल्या हवामानाच्या मॉडेलमध्ये जगातला सगळा धूर उद्यापासून बंद केला, आमच्या घराजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांसकट. तिने उतरती रेघ काढायला निळा स्केचपेन उघडूनही ठेवला. पण रेघ वर चढायची थांबली फक्त, खाली काही येईना. तीन दिवस मी कोडमधली चूक शोधत बसले. शेवटी ऑफिसातले सर म्हणाले, "चूक नाही गं, सोडलेला कार्बन शेकडो वर्षं वरच राहतो." घरी सांगितलं तर धाकटी म्हणते, "अक्का, स्वल्प तरी खाली घे, नाहीतर मिस बक्षीस देणार नाहीत." मी म्हटलं, खोटं नाही काढायचं. मग तिने आडवी रेघ कागदाच्या कडेपर्यंत ओढली, पुढे दुसरा कागद चिकटवला, तिसरा चिकटवला. दारापाशी पोचल्यावर विचारलं, "आणखी किती?" मी दार उघडलं.