चार नंबर बाहेर

मिनिट ५२.

गोल झाला तेव्हा अंगणात पहिली उडी रीताच्या दिरानं, गोवर्धननं मारली. "भाऊ एकानं पुढं!" धानाच्या पोत्याला टेकवलेला फोन त्याच्या धक्क्यानं खाली पडला. रीतानं तो उचलला, पदरानं पुसला, परत जागेवर ठेवला. तिनं उडी मारली नाही.

फोनमध्ये कंबोडियातलं मैदान. कडेला काळ्या शर्टातला भुपेंद्र, तिचा नवरा, संघाचा कोच. दोन्ही हात खाली दाबत होता: शांत, शांत.

"जिंकून राहिला का माया बाबू?" सासूबाईंनी, सुलोचनाबाईंनी, सूप न थांबवता विचारलं.

"जिंकून राहिला, आई. यंदा कोंबडा वाचला," गोवर्धन म्हणाला.

भुपेंद्र हरला की क्लबवाले त्याला काढतात. काढलं की तो अर्जुनी मोरगावला घरी येतो. घरी आला की कोंबडा कापला जातो. फुटबॉलमधलं घराला इतकंच पक्कं ठाऊक होतं.

मिनिट ६१.

काल फोनवर तो म्हणाला होता, "उद्या जिंकलो तर अजून दोन वर्षं. बरोबरी झाली तरी घरी पाठवतेत." मग थोडं थांबून, "बोल ना काही."

"हरा ना मग," रीता म्हणाली होती, आणि तिनं फोन ठेवून दिला होता.

तेव्हापासून ते तीन शब्द तिला कुसळासारखे टोचत होते.

मिनिट ६८. (हे मॅचमधलं नाही.)

भूतान: हरला. वर्षभरात लेक झाली, गुंजन.

मालदीव: हरला. मागची खोली बांधून झाली.

मंगोलिया: हरला. म्हणून वडिलांच्या तेरवीला तरी पोचला.

म्यानमार: दोन हंगाम जिंकत राहिला. त्या दोन हंगामांतलं घरात काहीच नाही.

मिनिट ७४.

चित्र अडकलं. भुपेंद्रचा हात हवेत तसाच राहिला.

"नेट गेलं," म्हणत गोवर्धन फोन घेऊन अंगणातल्या बैलबंडीवर चढला.

रीताला चित्राची गरज नव्हती. अकरा वर्षं ती त्याच्या मॅच पाहत होती. एका गोलची आघाडी असली की पंचाहत्तराव्या मिनिटाच्या आसपास तो पुढचा एक गडी काढतो आणि मागं एक वाढवतो. "गोल झाला का दार लावून घ्यायचं," म्हणतो. देश बदलले, गडी बदलले, हे कधी बदललं नाही. आत्ताही तेच झालं असणार. दार लागलं असणार. दोन वर्षं.

मिनिट ७९.

चित्र आलं. कडेच्या माणसानं पाटी वर धरली होती. बाहेर: चार. आत: एकोणीस.

चार नंबर म्हणजे मागचा उंच पोरगा. भुपेंद्र त्याला आपल्या दाराची कडी म्हणायचा. एकोणीस नंबर पुढं खेळणारा.

"भाऊनं हे काय केलं?" गोवर्धन बंडीवरून उतरला. "चार नंबरले काऊन काढलं? मागं तं कोणीच नाही आता!"

रीतानं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर भुपेंद्र थाप मारतो. चार नंबर त्याच्यासमोर येऊन थांबला. भुपेंद्र दुसरीकडे पाहत राहिला.

मिनिट ८६.

समोरच्या संघाचे निळे शर्टवाले मोकळ्या जागेतून थेट आत शिरले.

"भरा!" रीता ओरडली. "मागं या! डावीकडं भरा!"

सूप थांबलं. चेंडू खांबाला आपटून बाहेर गेला.

"तुमाले समजते का वो वहिनी हे?"

"गप राय तू."

मिनिट ९०+३.

चेंडू डावीकडूनच आला. मैदानावरचे सगळे त्याच्याकडे पाहत होते. एकटा भुपेंद्र मैदानाकडे पाठ करून उभा होता. मागं गलका उठला. तरीही तो वळला नाही.

बाकावर चार नंबरनं टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला होता. त्याचे खांदे हलत होते.

एक-एक.

शिट्टी.

शिट्टीनंतर.

"गेली भाऊची नोकरी," गोवर्धन म्हणाला.

"मंग कधी येते तो?" सुलोचनाबाईंना आवाजातला आनंद लपवता आला नाही.

अर्ध्या तासानं फोन वाजला. रीतानं उचलला. तब्येत नाही, जेवण नाही, तिनं सरळ विचारलं, "चार नंबरले काऊन काढलं?"

तिकडं मागं कोणीतरी ओरडत होतं. एक दार आपटलं.

"गोवर्धनले सांग," भुपेंद्र म्हणाला, "कोंबडा पाहून ठेव."

रीतानं फोन पोत्यावर पालथा ठेवला.

अंगणात सांडलेल्या धानात कोंबडा दाणे टिपत होता. लाल तुरा, ताठ मान. गोवर्धननं टोपलं उचललं आणि दबकत त्याच्या मागं सरकला. आता झाकणार, तेवढ्यात रीतानं पायातल्या दोन्ही चपला काढल्या आणि एक भिरकावली. कोंबडा फडफडत कुंपणावरून पलीकडं गेला, तिथून पुढं शेजारच्या वाडीत, दिसेनासा झाला.

"असं काऊन केलं वो वहिनी?"

तिच्या डोळ्यांपुढं टॉवेलाखालचे ते खांदे अजून हलत होते. दुसरी चप्पल तिच्या हातातच होती.