पक्का रंग

दगडी कोळशाच्या डांबरातून लालभडक रंग काढून दाखवल्यापासून डॉक्टर क्रेमर म्हणजे ऱ्हाईनकाठच्या त्या गावाचे देवच झाले होते. देवाच्या रंगाच्या कारखान्यापासून खालच्या अंगाला नदी मात्र लाल वाहायची आणि परटिणींनी धुतलेल्या चादरी गुलाबी व्हायच्या. गिऱ्हाइकं तुटायला लागली, तेव्हा वाल्बुर्गा परटीण तक्रार घेऊन थेट नगरसभेत गेली.

"हा रंग आमचा नव्हेच," डॉक्टरांनी मिशीला पीळ देत सांगून टाकलं. "काठची माती लाल आहे. शिवाय या बायका साबणात कंजुषी करतात."

कैसरच्या तसबिरीखाली बसलेल्या सभासदांनी माना डोलावल्या. निम्म्यांचे जावई कारखान्यात कारकून होते.

वाल्बुर्गाने टोपलीतली गुलाबी चादर टेबलावर पसरली.

"मातीच असणार, डॉक्टरसाहेब. एवढे शिकलेले तुम्ही, खोटं कशाला बोलाल? आणि इतका भिकार रंग तुमचा असेलच कसा? राखेच्या पाण्यात उकळून दोन दिवस कुरणावर उन्हात टाकला की उडालाच म्हणून समजा. माझी आजी बीट उकळून कापड रंगवायची, तो रंगसुद्धा याच्याहून पक्का!"

सभासद फिदीफिदी हसले. डॉक्टरांचं तोंड चादरीहून लाल झालं. ते ताडकन उठले.



"कच्चा? अगं, शंभर वेळा उकळ, नाहीतर वर्षभर उन्हात टाक! माझा रंग आहे तो, तू मेलीस तरी निघायचा नाही!"