जुन्या बातमीला वाचक

शिरूरमधल्या माझ्या चिमुकल्या वेबसाइटवर, बापूसाहेबांनी लबाडीनं बैलगाडा शर्यत मारल्याची जुनी बातमी आहे. एरवी तिला कुत्रंही हुंगत नाही. वाचकांचा आकडा घोरत पडलेला असतो.

आज ते काठी आपटतच आले. "मल्हारी, काढ ती बातमी! माझ्या पृथ्वीराजला मुलगी बघायला निघालो, की पाहुणे ती वाचून नकार कळवत्यात. तंगडं मोडीन तुझं!"

"आधी घरभेदी शोधा, बापूसाहेब. त्यांना बातमीची लिंक धाडतं कोण?"

"तोंड सांभाळ! उद्या दौंडला जायचंय, ते गावात पोरगा सोडून कुणाला ठाऊक न्हाई."

तेवढ्यात स्क्रीनवर घोरणारा आकडा जागा झाला: एक वाचक, दौंड.

बापूसाहेब गर्रकन वळले. दारात पृथ्वीराज मोबाईल खिशात सारत होता.