शालूने गिटार वाजवून दाखवली

अंबडला शालूला बघायला पाहुणे आले. नवरा मुलगा उमेश तिला बघताक्षणीच आवडला, पण त्याच्या आजी, चतुराबाई, हटून बसल्या. "पोरगी गिटार वाजविती म्हणं. मंग ऐकल्याबिगर होकार न्हाई!"

शालूने गिटार मांडीवर घेतली, तर दांडीवरची एक फ्रेट, म्हणजे धातूची आडवी पट्टी, वर आलेली. तार त्या पट्टीला घासून नुसती खरखरत होती. शरमेने लाल होत तिने तारा सैल करून बाजूला सारल्या, पिशवीतून बारीक कानस काढली आणि मान खाली घालून ती पट्टी खर्र खर्र घासायला लागली. पट्टी बराबर झाली तसा तिने सुटकेचा निःश्वास सोडला आणि तारा पुन्हा बसवायला घेतल्या.

तेवढ्यात चतुराबाई पदराने डोळे पुसत लेकाला, उमेशच्या वडिलांना, म्हणाल्या, "तारीख काढ. गाणं जरा लांबलं, पण पोरगी कुठं अडखळली न्हाई."