वजनाचं कारण

"सही करणार नाही," मीटर रीडर म्हणाला आणि त्यानं पेन टेबलावर ठेवलं.

वीज कचेरीत आरोग्य तपासणी चालली होती. काट्यावर त्याचा आकडा एकशे चार आला होता. डॉक्टर अगदी तरुण. "काका, जिभेला जरा आवर घाला," असं तो मोठ्यानं म्हणाला, तेव्हा सगळे खो खो हसले. मग साहेबांनी छापील कागद पुढे सरकवला. 'माझ्या वाढलेल्या वजनाला माझ्याच सवयी कारणीभूत आहेत.'

बावीस वर्षं तो दारोदार फिरून मीटर वाचत आला होता. दिवसाला दीडशे घरं, तीन-तीन मजले, वर अंगावर धावून येणारी कुत्री. मग नवे मीटर आले. ते आपले आकडे आपणच कचेरीत पाठवू लागले. आठही रीडरांना स्क्रीनसमोर ओळीनं बसवलं. दहा मिनिटं खुर्ची रिकामी राहिली की साहेबांना कळायचं. या गोष्टीला सहा वर्षं झाली. घरचा डबा मात्र तेवढाच होता, घासभरही वाढला नव्हता.

"उगाच हट्ट नको," साहेब म्हणाले. "बाकीच्या सातांनी केलीय सही."

"सात वर्षांपूर्वीच्या तपासणीची फाइल काढा, साहेब. त्या कपाटातच आहे."

साहेब जागचे हलले नाहीत. डॉक्टरनंच उठून फाइल काढली. त्या वेळी आठांतला सगळ्यांत जड रीडर एकाहत्तर किलोंचा होता. डॉक्टरनं आजचे आकडे शेजारी मांडले. नव्वदच्या आत एकही नव्हता.

"वजन माझं आहे, उतरवायचंही मलाच, कबूल," रीडर म्हणाला. "पण आठ जणांची जीभ एकाच वेळी कशी चटावली, डॉक्टर?"

या वेळी कुणी हसलं नाही. मागून एक जण पुढे आला. आपला सही केलेला कागद त्यानं टेबलावरून उचलला आणि टराटरा फाडला. "अहो, हे काय चाललंय!" असं साहेब म्हणेपर्यंत सातही कागद फाटले होते. रीडरनं स्वतःचा कागद उलटा केला आणि मागं लिहिलं, 'आम्हाला अर्धा दिवस फिरतीचं काम द्या.' खाली आठ सह्या झाल्या.

डॉक्टरनं तो कागद दोनदा वाचला. नववी सही त्याची.

मग तो बाहेर व्हरांड्यात गेला. त्याचे वडील पोस्टमन. तीस वर्षं पायी पत्रं वाटून आता ते पत्रं निवडणाऱ्या यंत्रापुढे बसत. दर आठवड्याला फोन करून तो त्यांना वजन विचारायचा आणि आकडा ऐकून फैलावर घ्यायचा.

"बाबा," तो म्हणाला, "आज वजन विचारायला नाही केला फोन. माफी मागायला केलाय."