खालचा प्रिंटर

“आता अफिफाला जिना उतरायची गरजच नाही,” असं म्हणून हबीबभाईंनी ती छोटीशी डबी प्रिंटरच्या मागे जोडली.

गुलजारबी ओट्याशी गवती चहा कापत होती. कात्री जरा जोरातच चालली.

“मग कागद वर कसा जाणार? उडत?”

“आपली पावाची टोपली आहे ना. कागद इथं छापला, टोपलीत टाकला, तिनं गॅलरीतून दोरी ओढली. संपलं. प्रिंट सर्व्हर म्हणतात या डबीला. घरच्या वायफायवरून वरनं हुकूम सोडायचा, खाली कागद हजर.”

द्वारका चौकातल्या विजेच्या सामानाच्या दुकानात उभी हयात गेलेला माणूस. निवृत्त झाला तरी हात शिवशिवायचेच. व्हिडिओ बघून बघून त्यांनी हे शिकून घेतलं होतं. गुलजारबीला त्यांचा राग येत होता आणि कौतुकही वाटत होतं. लग्न झाल्यापासून तिला हे दोन्ही एकदमच वाटत आलं होतं.

मुलगा फरहान आणि सून अफिफा वरच्या मजल्यावर वेगळे राहायला गेले, तेव्हा भांडण असं काही झालं नव्हतं. दोघींना एका ओट्यावर जमेना, एवढंच. गुलजारबीचे गुडघे तिला जिना चढू देत नव्हते. अफिफा मात्र रोज दुपारी पेनड्राइव्ह घेऊन खाली यायची. शिकवणीच्या मुलांसाठी आज एक पान, उद्या दोन. कागद निघेपर्यंत चहा व्हायचा, आणि चहा संपेपर्यंत दोघी मिळून सगळ्या गल्लीची धुलाई करायच्या. ओट्यावर जे जमलं नाही, ते प्रिंटरपाशी झकास जमलं होतं.

“आठवड्याचं एकदम छापून ने की पोरी,” हबीबभाई कितीदा म्हणाले. ती “हो अब्बा” म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पान घेऊन हजर.

आणि आता टोपली.

“फरहानचे अब्बा, राहू द्या ना ते. चाललंय ते चांगलं चाललंय.”

“झालंच. हे बघ, कॉम्प्युटरवर प्रिंटरचं नाव आलं. आता एक पान काढून बघू.”

त्यांनी बटण दाबलं. दोघं प्रिंटरकडे बघत राहिले. तो ढिम्म.

मग डोक्यावर, वरच्या मजल्यावर, काहीतरी घरघरलं. पाठोपाठ कागद ओढल्याचा आवाज. गुलजारबीच्या चांगलाच ओळखीचा.

हबीबभाईंनी छताकडे पाहिलं. मग चष्मा लावून पुन्हा कॉम्प्युटरकडे. यादीत प्रिंटर एक नव्हता, दोन दिसत होते.

जिन्यावर चपला वाजल्या. अफिफा दारात आली. हातात ते पान, चेहरा चोरी पकडल्यासारखा.

“अब्बा, हे वर आलं.”

“वर प्रिंटर आहे?”

“ईदला आणला ह्यांनी.” ती जमिनीकडे बघत होती. “रंगीतसुद्धा निघतं त्यात.”

ईद होऊन कितीतरी महिने लोटले होते. हबीबभाई आणखी काही विचारणार, तेवढ्यात गुलजारबीनं डबीची पिन उपसली आणि डबी त्यांच्या हातात ठेवली. मग गॅसपाशी जाऊन आधणात कपभर पाणी वाढवलं.

“पेनड्राइव्ह वरच विसरलीस वाटतं,” पाठमोरीच ती सुनेला म्हणाली. “जा, घेऊन ये.”